अर्ज भरताना शेजारी कोण बसते?

अमेरिकेत गरीब घरांतील, आणि विशेषतः ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीच कॉलेजची पायरी चढलेले नाही अशा मुलांना उच्च शिक्षणापर्यंत पोहोचवण्यासाठी अनेक प्रकारचे कार्यक्रम चालतात. त्यांपैकी काही कार्यक्रमांची सारी भिस्त त्या मुलांच्या बरोबरीच्या, किंवा त्यांच्याहून जेमतेम दोनचार वर्षांनी मोठ्या असलेल्या विद्यार्थ्यांवर असते. शाळेतलीच काही मुले निवडायची, त्यांना तयार करायचे आणि त्यांनी आपल्या वर्गमित्रांना अर्ज, निबंध, आर्थिक मदत या सगळ्यांतून पार न्यायचे, अशी ही पद्धत आहे. तिचे कौतुक होते ते बहुधा प्रेरणेच्या अंगाने: मुले मुलांना स्वप्न दाखवतात वगैरे. एका सरकारी हायस्कूलमध्ये संध्याकाळी अर्ज भरायला मदत करणारी स्वयंसेवक म्हणून मी जे पाहते आणि या विषयावरचे जे संशोधन वाचले आहे, त्यावरून माझे मत असे झाले आहे की प्रेरणा हा यातला दुय्यम भाग आहे. काम पुरे होईपर्यंत कोणीतरी शेजारी बसून राहते, यात या कार्यक्रमांचे बळ आहे. आणि जिथे त्या बसण्याची जागा संदेशांनी, भित्तिपत्रकांनी आणि भाषणांनी घेतली, तिथे हाती फारसे काही लागलेले नाही.

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे किती कामे असतात ते आधी पाहिले पाहिजे. कोणत्या कॉलेजांना अर्ज करायचा हे ठरवायचे, प्रत्येकाची मुदत सांभाळायची, स्वतःविषयी निबंध लिहायचा, शिक्षकांकडून शिफारसपत्रे वेळेत मिळवायची, अर्जाचे शुल्क परवडत नसेल तर ते माफ करून घ्यायचे, केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरायचा, आलेल्या मदतपत्रांत अनुदान किती आणि कर्ज किती हे ओळखायचे, आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत आपला निर्णय कळवून अनामत रक्कम भरायची. हे सगळे समजावून सांगण्यासाठी शाळेत समुपदेशक असतो. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन ही संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते; २०२२–२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ विद्यार्थ्यांमागे एक अशी होती. त्यातही वेळापत्रके, गैरहजेरी, भांडणे आणि मानसिक ताणाची प्रकरणे याच माणसाच्या टेबलावर येतात. सुशिक्षित, सुखवस्तू घरात ही उणीव आईवडील भरून काढतात, काही जण तर भरमसाट पैसे मोजून खासगी सल्लागार नेमतात. हातावर पोट असलेल्या घरात ती उणीव तशीच राहते.

आर्थिक मदतीच्या अर्जाला सगळे जण 'फाफ्सा' म्हणतात. हा अर्ज भरल्याशिवाय केंद्र सरकारचे पेल अनुदान मिळत नाही, आणि गरीब विद्यार्थ्यासाठी ते सर्वांत महत्त्वाचे असते, कारण ते परत फेडावे लागत नाही. २०२४–२५ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. एका संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात मी पाहिलेला प्रसंग सांगते. एक सतरा वर्षांची मुलगी लॅपटॉपसमोर बसली होती. तिने स्वतःचे खाते उघडले होते, परंतु आईचे खाते आईलाच उघडावे लागते आणि त्यासाठीचा कोड आईच्या फोनवर जातो. आई त्या वेळी कामावर होती, फोन लॉकरमध्ये होता, आणि कोड थोड्याच वेळात बाद होतो. मुलगी लॅपटॉप मिटून निघण्याच्या बेतात होती. तिच्या शेजारी बसलेली विद्यार्थिनी त्याच शाळेतून आदल्या वर्षी बाहेर पडून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकत होती. तिने शांतपणे विचारले की आईची जेवणाची सुटी किती वाजता असते. मग दोघींनी तोवर निबंधाचे काम करायचे ठरवले, सुटीच्या वेळी आईला फोन लावला, आणि आईने कोड वाचून दाखवला. पुढचा अडथळा वडिलांचा होता. आईवडील विभक्त होते, आणि अर्जात कोणाचे उत्पन्न लिहायचे हे मुलीला कळेना. जो पालक जास्त आर्थिक भार उचलतो त्याचे, असे शेजारच्या मुलीने सांगितले आणि खात्री करून घेण्यासाठी मला विचारले. नियम मला ठाऊक होता. जेवणाच्या सुटीची युक्ती मात्र मला सुचली नसती, कारण माझी आई कधी फोन लॉकरमध्ये ठेवून काम करत नव्हती.

या प्रसंगात मुलीला कमी पडत होती ती माहिती नव्हे. फाफ्सा भरायला हवा हे तिला पुरेपूर माहीत होते, शाळेच्या भिंतीवर त्याचा कागदही लावलेला होता. गाडे अडत होते ते अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी, आणि त्या जागी दुसरे कोणी नसते तर काम 'उद्या करू' म्हणून बाजूला पडले असते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. २००८ च्या करभरणीच्या हंगामात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने एच अँड आर ब्लॉक या करविवरणपत्रे भरून देणाऱ्या कंपनीबरोबर एक प्रयोग केला. ओहायो आणि उत्तर कॅरोलायनातील कमी उत्पन्नाची कुटुंबे त्यात होती. काही कुटुंबांसाठी, करविवरण भरून झाल्यावर त्याच माहितीवरून कर्मचाऱ्याने फाफ्साही तिथल्या तिथे भरून दिला. त्याला सुमारे दहा मिनिटे लागत. दुसऱ्या गटाला किती मदत मिळू शकेल याचा अंदाज आणि छापील माहिती दिली, पण अर्ज ज्याचा त्याने भरायचा होता. पहिल्या गटातील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातील मुलांपैकी कॉलेजची किमान दोन वर्षे पुरी करणाऱ्यांचे प्रमाण पुढच्या तीन वर्षांत २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीही फरक पडला नाही. दहा मिनिटांचे बसणे आणि एक माहितीपत्रक यांत एवढे अंतर निघावे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मलाही खरे वाटले नव्हते.

तरीही धोरणकर्त्यांना संदेशांचा मोह सुटत नाही, कारण ते स्वस्त असतात आणि लाखोंना एका दिवसात पाठवता येतात. फाफ्सा भरण्याची आठवण करून देणाऱ्या अशा मोहिमांची देशपातळीवर, आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर चाचणी झाली, आणि आर्थिक मदत किंवा कॉलेजप्रवेश यांवर त्यांचा काहीही परिणाम आढळला नाही. लहान प्रमाणावर, ओळखीच्या स्थानिक संस्थेकडून आलेले संदेश काही ठिकाणी उपयोगी पडले होते; तेच अनोळखी नावाने देशभर गेले तेव्हा वाया गेले. याला एक ठळक अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मिशिगन विद्यापीठाने राज्यातील गुणी पण गरीब विद्यार्थ्यांना पत्र पाठवून कळवले की प्रवेश मिळाल्यास चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ असेल, आणि त्यासाठी आर्थिक मदतीचे अर्ज भरण्याची अट नाही. ज्यांना पत्र गेले त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, ज्यांना गेले नाही त्यांच्यापैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. म्हणजे पत्रही काम करते, पण ते पैशाचे पक्के वचन घेऊन आलेले आणि मधला कागदोपत्री डोंगर बाजूला सारणारे असले तर. तसे वचन देणारी श्रीमंत विद्यापीठे थोडी, म्हणून बाकीच्यांसाठी डोंगर चढायला सोबत लागते.

सोबतीचा सर्वांत बोलका पुरावा मला न्यू हॅम्पशायरमधल्या प्रयोगात दिसतो. स्कॉट कॅरेल आणि ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. कॉलेजला जायची क्षमता असूनही शेवटच्या वर्षाच्या मध्यापर्यंत ज्यांनी अर्जच केलेले नाहीत अशी मुले शाळेच्या समुपदेशकांनी निवडून दिली, आणि डार्टमथ कॉलेजचे विद्यार्थी आठवड्यातून एकदा त्यांच्या शाळेत जाऊन, त्यांच्याबरोबर बसून, अर्ज पुरे करून घेऊ लागले. अर्जाचे शुल्कही भरले जाई. ज्यांना अशी सोबत देऊ केली गेली त्या मुलींमध्ये कॉलेजला जाणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्केबिंदूंनी वाढले. नुसते पैशाचे आमिष किंवा नुसती माहिती देऊन पाहिलेल्या गटांत परिणाम दिसला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा की हा कार्यक्रम मुलांच्या अज्ञानावर किंवा आळसावर इलाज म्हणून चालत नव्हता. जाणत्या पालकाने किंवा शिक्षकाने दिला असता तो वेळ आणि धीर तो पुरवत होता.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत मात्र परिणाम फारच कमी निघाला. त्याचे एक कारण संशोधकांनी असे दिले आहे की मुलग्यांना हायस्कूलनंतर लगेच मिळणाऱ्या कामांत अधिक बरी कमाई दिसत होती. हे मला पटते. ज्याच्या हातात येत्या महिन्यापासून पगार येणार आहे आणि ज्याच्या घरी त्या पगाराची वाट पाहिली जात आहे, त्याच्यापुढचा प्रश्न अर्ज भरण्याचा नसतोच, आणि तो आळशी किंवा दिशाहीन आहे असे समजून त्याला आणखी भाषणे देणे हा शुद्ध उद्धटपणा आहे.

इथे दोन प्रकारांत फरक करायला हवा. एका प्रकारात मदत करणारा आधीच कॉलेजात असतो किंवा नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. मिनेसोटात २००० साली सुरू झालेला 'कॉलेज पॉसिबल' या धाटणीचा आहे; त्यात अमेरिकॉर्प्स या राष्ट्रीय सेवायोजनेतील तरुण हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांतील मुलांबरोबर काम करतात. त्याच्या चाचणीत असे आढळले की चार वर्षांच्या कॉलेजांतील प्रवेश १५ टक्केबिंदूंहून अधिक वाढला, पण एसीटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांत मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे मुले तीच होती, गुणही साधारण तेच होते, आणि तरी ती अधिक चांगल्या दारापर्यंत पोहोचली. गुणवत्तेअभावी ही मुले मागे राहतात असे ठामपणे सांगणाऱ्या मंडळींपुढे मी हा निकाल आवर्जून ठेवते.

दुसऱ्या प्रकारात मदतनीस त्याच शाळेचा, त्याच वर्षाचा विद्यार्थी असतो. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जे. बी. श्रॅम यांनी १९९३ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू केलेली 'कॉलेज समिट' ही संस्था, जी आता 'पीअरफॉरवर्ड' या नावाने ओळखली जाते. ही संस्था शाळेतील साधारण आठ विद्यार्थ्यांची तुकडी निवडते, तिला प्रशिक्षण देते आणि शाळेतील एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वर्षभर मोहिमा राबवायला लावते: प्रत्येकाने किमान तीन कॉलेजांना अर्ज करावा, आर्थिक मदतीचा अर्ज लवकर भरावा, शाळेतल्या अभ्यासाचा पुढच्या वाटेशी संबंध समजून घ्यावा. कॉलेजात गेल्यावर एकटे पडू नये म्हणून दहादहा जणांचा जथाच एका कॉलेजात पाठवणारे, डेबोरा बियाल यांनी १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले 'पॉसी फाउंडेशन' हे याच कुळातले. बराक ओबामा यांनी नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम २०१० मध्ये वाटून दिली, तेव्हा या दोन्ही संस्थांना प्रत्येकी सव्वा लाख डॉलर मिळाले.

या तुकडीत मुले निवडताना पहिल्या पाचांत येणारीच घ्यायची, हा शिक्षकांचा स्वाभाविक ओढा असतो. तो चुकीचा आहे. ज्याचे वर्गात ऐकले जाते असा विद्यार्थी तिथे हवा, मग त्याचे गुण मध्यम असले तरी चालतील. किंबहुना मध्यम असलेले बरे. पहिल्या क्रमांकाच्या मुलाने अर्ज केला तर त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. पण फुटबॉलच्या संघातला, गणितात कसाबसा तरलेला मुलगा जेवणाच्या टेबलावर सहज सांगतो की त्याने तीन ठिकाणी अर्ज टाकले आणि शुल्क माफ करून घेतले, तेव्हा शेजारचा मुलगा शुल्क माफ कसे होते हे विचारतो. हाच प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत जाऊन विचारणे म्हणजे आपली गरिबी वही उघडून दाखवण्यासारखे त्याला वाटते. समवयस्काला मोठ्या माणसाहून जास्त कळते असे मुळीच नाही, पण त्याच्यापुढे अडाणी दिसण्याची लाज कमी वाटते, आणि या वयात त्या लाजेपायी कितीतरी अर्ज अर्धवट राहतात.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो उन्हाळा. मे महिन्यात शाळेत टाळ्या वाजतात, कोण कुठे चालले याचे फलक लागतात, आणि मग समुपदेशकांचा करार सुटीपुरता थांबतो. नव्या कॉलेजचे कार्यालय अजून या मुलाला ओळखत नसते आणि शाळेचा त्याच्याशी संबंध संपलेला असतो. नेमके याच काळात वसतिगृहाची अनामत, लसीकरणाचे दाखले, पातळी ठरवणाऱ्या परीक्षा, आरोग्यविमा नको असल्याचा अर्ज, आणि सरकारने उत्पन्नाची पडताळणी मागितली असेल तर करविवरणाच्या प्रती, असे एकेक पत्र कॉलेजच्या ईमेलवर येऊन पडते, जे खाते मुलाने एकदाही उघडलेले नसते. आरोग्यविम्याचे शुल्क बिलात जोडून आले आणि ते माफ करून घेता येते हे माहीत नसले, तर हजारोंचा आकडा पाहून घरातले लोक ठरवतात की हे आपल्याला झेपणारे नाही. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांच्या अंदाजानुसार कॉलेजचा निर्णय पक्का केलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के विद्यार्थी सप्टेंबरमध्ये तिथे पोहोचतच नाहीत, आणि गरीब विद्यार्थ्यांत हे प्रमाण अधिक असते. याच दोघांनी उन्हाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून या मुलांना फोन करवण्याचा प्रयोग केला, आणि ज्यांना शाळेत चांगले मार्गदर्शन मिळाले नव्हते त्यांच्या प्रवेशात त्याने चांगली वाढ झाली. वर्षभर गाजावाजा करून मेमध्ये समारोप करणाऱ्या कार्यक्रमाला म्हणूनच मी अर्धवट म्हणते. निधीच्या अहवालात 'प्रवेश मिळाला' हा आकडा छान दिसतो, आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी वर्गात किती बसले हे विचारायला कोणी मागे उरत नाही.

समवयस्कांच्या मदतीला मर्यादाही आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. समवयस्काचे ज्ञान म्हणजे गेल्या वर्षीचा स्वतःचा अनुभव. २०२४–२५ च्या फाफ्साने हे चांगलेच दाखवून दिले. एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा अर्ज डिसेंबर २०२३ च्या अगदी अखेरीस उघडला, त्याची रचना पार बदललेली होती, आणि ज्यांच्या पालकांना सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) नाही अशा मुलांना तर सुरुवातीला तो पुरा करताच येत नव्हता. जुना अर्ज तोंडपाठ असलेली मुले त्या वर्षी आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला देण्याचा धोका होता. रोजच्या रोज नवी सूचना वाचून मुलांपर्यंत पोहोचवणारा एक जाणता माणूस पाठीशी असेल तरच अशा वेळी निभाव लागतो. समवयस्कांचा कार्यक्रम आहे म्हणून समुपदेशकाची जागा भरायची नाही, असा हिशेब मांडणारे शाळा प्रशासन दोन्ही गमावते.

गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आर्थिक मदतीच्या अर्जात घरचे उत्पन्न, आईवडिलांचा घटस्फोट, पालकांचा नागरिकत्वाचा दर्जा हे सगळे उघड होते, आणि ते वर्गमित्राच्या डोळ्यांसमोर भरायचे का? माझ्या मते समवयस्काने निबंध, मुदती, कॉलेजांची निवड, पालकांशी बोलण्याची तयारी इथपर्यंत सोबत करावी. उत्पन्नाचे पान आले की त्याने उठावे आणि तिथे प्रशिक्षित मोठ्या माणसाने, निदान शाळेबाहेरच्या कॉलेज विद्यार्थ्याने बसावे. जेवणाच्या सुटीची युक्ती सांगणारी ती मुलगी शाळा सोडून गेलेली होती हे बरे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी असती, तर वडिलांविषयीचा प्रश्न तिच्यासमोर कदाचित विचारलाच गेला नसता.

आता राहता राहिला पैशाचा मुद्दा, ज्याविषयी कोणी बोलत नाही. गरीब शाळेतील मुलांनी गरीब वर्गमित्रांसाठी फुकट राबायचे आणि त्याबदल्यात प्रमाणपत्र घ्यायचे, हे मला खटकते. नेतृत्वगुण वाढतात हे खरे, पण ज्या मुलीला संध्याकाळी दुकानात काम करून घरी पैसे द्यायचे असतात ती या तुकडीत येऊ शकत नाही, आणि मग तुकडीत येतात ती त्यातल्या त्यात बऱ्या घरची मुले, ज्यांना शेजारी बसलेल्याची नेमकी अडचण कळेलच असे नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मदतनिसांसाठी तरी यावर तोड आहे. केंद्र सरकारच्या वर्क-स्टडी योजनेतून गरजू विद्यार्थ्यांना कामाचा मोबदला देण्यासाठी कॉलेजांना निधी मिळतो, आणि त्यातला किमान ७ टक्के भाग समाजोपयोगी कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे. जवळच्या हायस्कूलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बसून अर्ज पुरे करून घेणे हे अशा कामात बसते. आमच्या ग्रंथालयात येणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना या योजनेतून तासांचे पैसे मिळतात. उरलेले स्वखुशीने येतात आणि परीक्षा जवळ आल्या की येईनासे होतात. येत्या सत्रापासून सगळ्यांनाच योजनेत घ्यावे अशी विनंती आम्ही त्यांच्या कॉलेजकडे केली आहे, आणि करार मेऐवजी ऑगस्टअखेरपर्यंत असावा ही अटही तीत घातली आहे.